शेवटचा हुकूम : चालू

मी भित्री बाई नाही. लोणावळ्यात वाढले, समोरचं काही दिसत नाही अशा धुक्यात स्कूटर चालवते, घरात साप निघाला तर झाडूने बाहेर काढते, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर माझ्या तोंडाला सहसा कोणी लागत नाही. पण खंडेनवमी जवळ आली, बाजारात झेंडूचे ढीग दिसायला लागले, की माझे हात गार पडतात. घरचे म्हणतात, डॉक्टरला दाखव. डॉक्टर काय करणार, डोंबल! माझंच काम माझ्यासमोर येऊन उभं राहतं, त्याला औषध नाही.

आधी मी एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. तिथे भांडून बाहेर पडले आणि लहान कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायला लागले. म्हणजे काय, तर कारखान्यातलं एखादं मशीन वायरीने कॉम्प्युटरला जोडायचं. मग खुर्चीत बसून पडद्यावर त्याचा वेग दिसतो आणि बटणावर क्लिक करून ते चालू किंवा बंद करता येतं. वायर जुन्या पद्धतीची असते, नऊ पिनांची, कॉम्प्युटरच्या पाठीला दोन बारीक स्क्रूंनी आवळायची. ती हळू चालते, पण वर्षानुवर्षं टिकते. मला ती आवडायची.

वराळ्याला एका घरचा पशुखाद्याचा कारखाना आहे. मालक म्हणजे आबा, मूळचे शेतकरी. जमिनीच्या थोड्या तुकड्यावर शेड टाकली आणि गाईम्हशींचं खाद्य बनवायला लागले. मशीन चालवायला त्यांचा पुतण्या, त्याला सगळे भाऊ म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आणि साफसफाईला मावशी. त्या गावातल्याच, पन्नाशीच्या, काडीसारख्या बारीक. बारीक होत्या म्हणूनच मिक्सर खरडायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

मिक्सर म्हणजे एक मोठं आडवं लोखंडी पीप. मधून जाडजूड दांडा, दांड्याला पिळाची पाती. त्यात मका, पेंड, कोंडा टाकायचा, वरून मळी ओतायची आणि फिरवायचं. मळी वाळली की दगड होते, मग माणसाने वरच्या झाकणातून आत उतरून, पात्यांमध्ये अंग दुमडून, खुरप्याने ती काढायची. दुसरा उपाय नाही.

मोटारीचा वेग सांभाळणारा एक डबा असतो, त्याला ड्राइव्ह म्हणतात. तो मिक्सरशेजारच्या पॅनेलमध्ये होता, आणि कॉम्प्युटर समोरच्या काचेच्या कॅबिनमध्ये, तीन पायऱ्या वर. माझा प्रोग्रॅम दर सेकंदाला ड्राइव्हला विचारायचा: वेग किती, करंट किती, चालू आहेस की बंद. ड्राइव्ह उत्तर द्यायचा. उत्तर नाही आलं तर प्रोग्रॅम थोडं थांबून परत विचारायचा. आणि ड्राइव्हला मी बजावून ठेवलं होतं, की तीन सेकंद तुला कोणी काही विचारलं नाही तर समज वायर तुटली, आणि मोटार बंद कर. इतकी काळजी घेतली होती मी, खरंच घेतली होती.

फक्त एक आळस केला. प्रोग्रॅम ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघत असायचा तेव्हा पडदा गोठायचा. त्या वेळात कोणी 'बंद' दाबलं तर ते दाबणं रांगेत उभं राहायचं आणि उत्तर आल्यावर मग पुढे जायचं. हे नीट करायला चार दिवस लागले असते. मी म्हटलं, दोन सेकंदांनी काय आभाळ कोसळतंय? भाऊ कुरकुरायचा, की बटण दाबून चहा पिऊन यावा तवा बंद होतंय. मी त्याला सरळ गप्प केलं. म्हटलं, तुम्हाला घाई फार.

नंतर आबांचा फोन आला. वराळ्याला लाइट कधी जाईल याचा नेम नाही. लाइट गेली की मिक्सर थांबायचा, परत आली तरी कोणीतरी कॅबिनमध्ये जाऊन 'चालू' दाबेपर्यंत आतली मळी घट्ट व्हायला लागायची. आबा म्हणाले, लाइट आली की मिक्सर आपला आपण सुरू झाला पायजे, तेवढं बघा. मी एका संध्याकाळी बसून ते करून दिलं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो जागाच असायचा; ड्राइव्ह तेवढा झोपायचा आणि संपर्क तुटायचा. मी सांगून ठेवलं, की तुटलेला संपर्क परत जुळला की आधी शेवटचा हुकूम परत पाठव. शेवटचा हुकूम 'चालू' असेल तर 'चालू'. दर पाच सेकंदांनी बघत राहा, जुळला का, जुळला का. काय खूश झाले होते मी स्वतःवर. घरी येऊन नवऱ्याला दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने छान म्हटलं.

त्या खंडेनवमीला आबांनी मला आग्रहाने बोलावलं. मशिनं पुजतो तसा कॉम्प्युटर पण पुजायचा, आणि तो मॅडमच्या हातानं, असं त्यांचं म्हणणं. मी साडी नेसून लोकलने तळेगावला उतरले, तिथून रिक्षा केली. शेडमध्ये धुण्याची गडबड होती. गावातल्या देवीच्या मांडवातला भोंगा जोरात चालला होता, शेडमधला कॉम्प्रेसर धडधडत होता, कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. मी कॅबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं, कानाला जरा आराम.

पडद्यावर लाल पट्टी होती: संपर्क नाही. त्याच्या खाली माझीच अक्षरं. शेवटचा हुकूम : चालू.

मला आधी रागच आला. मिक्सर तर समोर थंड उभा. मग हुकूम 'चालू' कसा? एवढ्यात भाऊ हळदी-कुंकवाचं ताट ठेवायला आत आला. मी विचारलं, वायर कोणी काढली? तर तो हसला. इतका मोकळा हसला की अजून डोळ्यासमोर आहे. म्हणाला, मीच काढलीया. मग त्याने मला त्याची युक्ती सांगितली. मिक्सर खरडताना पाती थोडी थोडी फिरवून घ्यावी लागतात, एक बाजू झाली की मावशींनी बाहेर यायचं, मग दुसरी वर आणायची. दर वेळी कॅबिनमध्ये धावायचं, बटण दाबायचं, परत धावत जायचं, आणि बटण तर माझं असं रेंगाळणारं. म्हणून त्याने एकदा वेग कमी करून 'चालू' दाबून ठेवायचं आणि बाकीचं काम पॅनेलपाशी वायरीवरच करायचं असं ठरवलं होतं. वायर लावली की मिक्सर फिरतो, उपसली की थांबतो. महिनोन् महिने ते असंच चालू होतं.

"लय भारी सोय करून दिलीया तुमी, मॅडम," तो म्हणाला. "मावशी आत हाय आत्ता. मी जरा हार घिऊन येतो कोपऱ्यावरनं."

आणि मी काय केलं असेल? मी त्याला झापलं. अहो, पिना वाकतात, म्हटलं. रोज काढायची-घालायची वस्तू आहे का ती? खराब झाली तर कोण भरून देणार? पिनांची काळजी! कप्पाळ माझं. तो बिचारा मान खाली घालून निघून गेला, आणि मी पदर खोचून कीबोर्डवरची धूळ पुसायला बसले.

किती वेळ पुसत होते, ठाऊक नाही. अर्धं मिनिट असेल. पुसता पुसता नजर परत त्या ओळीवर गेली. शेवटचा हुकूम : चालू. आणि मग भाऊचं बोलणं डोक्यात शिरलं. एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने शिरलं. वायर लावली की फिरतं. मावशी आत आहे. मी मान वर केली. काचेतून मिक्सर दिसत होता. खाली मावशींच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. भाऊची मोटारसायकल फाटकाबाहेर गेलेली. आणि पॅनेलपुढे आबा उभे होते, एका हातात झेंडूची माळ, दुसऱ्या हातात फडकं. त्यांनी पॅनेल पुसलं. माळ अडकवली. दोन पावलं मागे सरून बघितलं. आणि त्यांना ती लोंबणारी वायर दिसली.

आबा टापटिपीचे. पूजेच्या दिवशी वायर लोंबलेली त्यांना कशी चालेल? त्यांनी ती उचलली, तिचं तोंड फडक्याने पुसलं आणि खाच शोधायला लागले.

मी ओरडले. काचेवर दोन्ही हातांनी मारलं. भोंगा, कॉम्प्रेसर, काच. आबांनी मान सुद्धा वळवली नाही.

मग मी तेच केलं जे कोणीही करेल. माउस धरला आणि 'बंद' दाबलं. बटण आत गेलं आणि आतच राहिलं. पडदा गोठला. प्रोग्रॅम वायरीची वाट बघत होता. मी परत दाबलं. परत दाबलं. आणि दाबता दाबताच मला आठवलं की हे मी लिहिलंय. आधी शेवटचा हुकूम जातो, मग रांगेतला. म्हणजे आधी 'चालू' जाणार, मग माझं 'बंद' जाणार, आणि मध्ये एक-दोन सेकंद. दोन सेकंदांनी काय आभाळ कोसळतंय, असं मीच म्हटलं होतं. त्या पात्यांमध्ये दुमडलेल्या माणसाला एक सेकंद पुष्कळ झाला. पायऱ्या उतरून पळाले तर पोचणार नाही, हे मला डोळ्यांनी दिसत होतं.

आबांनी वायर लावली. वरून अंगठ्याने दाबून बसवली सुद्धा.

पाच सेकंद. दर पाच सेकंदांनी बघत राहा, असं मी लिहिलं होतं. त्यातले किती उरले होते कोणास ठाऊक. पाच असतील, एकही नसेल. कॉम्प्युटरचा प्लग टेबलामागे, टेबल भिंतीला चिकटलेलं. म्हणून मी कॉम्प्युटरच्या पाठीत येणारी माझ्या बाजूची वायर धरली आणि ओढली. निघाली नाही. कशी निघेल? कोणी हात लावू नये म्हणून ते दोन स्क्रू मीच पेचकसाने आवळले होते आणि भाऊला दम दिला होता, की याला हात लावाल तर बघा. मी टेबलाच्या पायाला पाय लावला, वायर मनगटाला गुंडाळली आणि सगळं अंग मागे टाकलं. कॉम्प्युटरचा डबा टेबलावरून घसरत आला, हळदी-कुंकवाचं ताट खाली पडलं, आणि मग काहीतरी कट् करून तुटलं. मी पाठीवर आपटले. हातात वायर होती, तिच्या टोकाला पाच-सहा रंगीत तारा.

पण हुकूम आधीच गेला असेल तर? ड्राइव्ह मोटारीला हळूहळू उचलतो, पहिल्या क्षणात काही दिसत नाही. मी उठून काचेला कपाळ लावलं आणि मोटारीवरून मिक्सरकडे जाणाऱ्या पट्ट्याकडे बघत राहिले. पट्टा स्थिर होता. एक, दोन, तीन मोजलं. चार मोजलं. पट्टा स्थिरच होता.

मी खाली गेले. कशी गेले ते आठवत नाही, पण पॅनेलवरचं, मशीन एकदम तोडायचं लाल बटण मी दाबलं होतं हे नक्की, आणि झाकणाशी जाऊन मावशी, मावशी म्हणून हाका मारत होते. त्या बाहेर आल्या. केसांत भुसा, हातात खुरपं, कपाळावर घाम. माझा अवतार बघून त्याच घाबरल्या. एवढ्यात भाऊ हार घेऊन आला, आबांनी कॅबिनकडे बघितलं, सांडलेलं कुंकू बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पूजेच्या दिवशी हे काय केलं तुमी मॅडम, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण त्यांना लागलं होतं.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडात खोटं तयार होतं. वायर जुनी झाली होती, शॉर्ट झाली, म्हणून ओढली. एवढंच म्हणायचं, नवी वायर स्वतःच्या खर्चाने आणून द्यायची, घरी जाऊन गुपचूप प्रोग्रॅम सुधारायचा. कोणाला काही कळलं नसतं. मशीन हललं नव्हतं, कोणाला खरचटलं नव्हतं. वायर जुनी झाली होती, इथपर्यंत मी बोललेही.

मावशी डोक्यातला भुसा झटकत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "मागल्या बारीला बी एकदा हललं व्हतं, मी आत असताना. दोन बोटं. मी म्हनलं, भाऊचा हात लागला आसंल."

भाऊ पांढरा पडला. त्याने हार खाली ठेवला आणि सांगितलं, की व्हय, त्या दिवशी मावशी बाहेर आल्या असं समजून त्याने वायर टेकवली होती, आणि आतून आवाज आला तशी उपसली. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मावशींनीही सांगितलं नव्हतं. भाऊला बोलणी बसतील म्हणून.

दोन बोटं. ही बाई दोन बोटांवरून परत आली होती, आणि पुढच्या वेळी परत खुरपं घेऊन आत उतरली होती. आणि मी काय, तर वायर जुनी झाली म्हणत होते! मला माझी इतकी लाज वाटली की मी तिथेच पोत्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. आबा, मशीन आपोआप सुरू करायचं मी लिहिलंय. आत कोणी आहे का, हे त्याला कळत नाही, आणि ते मी धरलंच नाही. बटण रेंगाळतं तेही माझ्या आळसाने, म्हणून भाऊला वायरीची सवय लागली. त्याला बोलू नका. तुम्ही आत्ता वायर लावलीत, आणि मी वर ती तोडली नसती तर मावशी गेल्या असत्या.

आबा आपल्या अंगठ्याकडे बघत होते. भोंगा तेवढा चालू होता. मला वाटलं, आता मावशी रडतील, नाहीतर मला शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या. पण त्यांनी खुरप्याला चिकटलेली मळी नखाने काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, अर्दं राह्यलंय अजून खरडायचं," त्या म्हणाल्या. "आता जाऊ का नको आत, तेवडं सांगा."

मला 'जा' म्हणता येईना. वायर तुटली होती, लाल बटण दाबलेलं होतं. ते मशीन आता फिरणं शक्यच नाही, हे त्या शेडमध्ये माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी जीभ उचलेना. मी म्हटलं, आधी फ्यूज काढा. आबा स्वतः मागच्या भिंतीपाशी गेले, मेन खाली ओढला आणि चिनी मातीचे तीन फ्यूज काढून आणले. ते त्यांनी माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, माझ्याकडे नकोत. मावशींकडे द्या.

मावशींनी ते तिन्ही हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. पदराच्या टोकात बांधले, गाठ मारली, परत एक गाठ मारली, पदर कमरेला खोचला आणि झाकणातून आत उतरल्या. थोड्या वेळाने खरडण्याचा आवाज यायला लागला. भाऊने मला पाणी आणून दिलं, पण माझे हात मोकळे नव्हते. मी मोटारीकडची पट्ट्याची पुली दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते, आणि मावशींचा पाय बाहेर दिसेपर्यंत मी ती सोडली नाही.